अर्थसंकल्पातला आकडा घरपट्टीच्या बिलात कसा उतरतो

घरपट्टी वाढली की मोर्चा नगरपालिकेवर निघतो. मुख्याधिकाऱ्यांना निवेदन दिलं जातं, नगरसेवकाला गाठून जाब विचारला जातो. बिलावर पालिकेचा शिक्का असतो, त्यामुळे हे साहजिकच आहे. पण पालिकेवर ती वाढ करायची वेळ का आली, याचं निम्मं उत्तर राज्याच्या अर्थसंकल्पात दडलेलं असतं, आणि तेही भाषणात वाचून दाखवल्या जाणाऱ्या पानांवर क्वचितच. मार्चमध्ये विधानसभेत मंजूर झालेला आकडा दोन-तीन वर्षांनी आपल्या बिलापर्यंत कोणत्या वाटेनं येतो, ते महाराष्ट्रापुरतं इथे उलगडून बघू.

पालिकेच्या हातात उरलंय काय

एकेकाळी शहरांची मुख्य कमाई जकात होती. नाक्यावर ट्रक थांबायचा, रोख जमा व्हायची, संध्याकाळी तिजोरीत पैसा असायचा. नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये बंद झाली. महापालिकांमध्ये २०१० पासून टप्प्याटप्प्यानं जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी आला. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींपेक्षा कमी उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना त्यातून वगळलं. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला आणि उरलेली एलबीटी व मुंबईची जकातही संपली.

जकातीला विरोध करण्याची कारणं खरी होती. नाक्यांवरचा भ्रष्टाचार, वाहनांच्या रांगा, व्यापाऱ्यांचा जाच, हे सगळं होतंच. पण त्याबरोबर एक गोष्ट कायमची बदलली. शहराची आर्थिक उलाढाल वाढली की आपोआप वाढणारा कर पालिकेकडून गेला आणि त्याच्या जागी राज्याकडून येणारी भरपाई आली. आज पालिकेकडे स्वतःचं म्हणावं असं उत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, बांधकाम परवानगीचं विकास शुल्क, गाळ्यांचं भाडं आणि किरकोळ फी. यातलं विकास शुल्क बांधकाम व्यवसायाच्या तेजी-मंदीवर हलतं. पाणीपट्टीतून बहुतेक ठिकाणी पाण्याचाच खर्च निघत नाही. म्हणजे पालिकेला ठरवून वाढवता येईल असा मोठा स्रोत एकच राहतो, घरपट्टी. राज्याकडून काही कमी आलं की सगळा भार या एकाच खांबावर येतो.

राज्याचा पैसा एकाच नळातून येत नाही

राज्याकडून येणारी प्रत्येक रक्कम सारख्या खात्रीची नसते. हा फरक कळला की अर्थसंकल्प वाचणं बरंच सोपं होतं.

सगळ्यात पक्की रक्कम म्हणजे महापालिकांना मिळणारी जीएसटी भरपाई. त्यासाठी २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे. २०१६-१७ हे पायाभूत वर्ष धरून दरवर्षी ८ टक्के चक्रवाढीनं ही रक्कम वाढते आणि दर महिन्याला मिळते. जुलै २०१७ मध्ये मुंबई महापालिकेला मिळालेला पहिला हप्ता सुमारे ६४७ कोटींचा होता. आठ टक्के चक्रवाढीनं रक्कम नऊ वर्षांत दुप्पट होते. ऐकायला छान वाटतं. पण जे शहर नऊ वर्षांत लोकसंख्येनं आणि क्षेत्रफळानंही फुगलं आणि ज्या पालिकेत मधल्या काळात सातवा वेतन आयोग लागू झाला, तिथे ही दुप्पट रक्कम पगार आणि निवृत्तिवेतनातच संपते. शिवाय २०१६-१७ मध्ये ज्या महापालिकेची वसुली काही कारणानं कमी होती, तिचा पाया कायमचाच खाली राहिला.

इथे राज्याची बाजूही समजून घेतली पाहिजे. जीएसटीमुळे राज्यांच्या महसुलात पडणारी तूट भरून देण्याची केंद्राची पाच वर्षांची हमी जून २०२२ मध्ये संपली. महापालिकांना देण्याची भरपाई मात्र सुरूच आहे आणि दरवर्षी वाढते आहे. राज्याला ही रक्कम कमी करता येत नाही. म्हणून हात आखडता घ्यायची वेळ आली की कात्री दुसरीकडे चालते.

नगरपालिका आणि नगरपंचायतींना सहाय्यक अनुदान मिळतं. जकात बंद झाल्याच्या बदल्यात सुरू झालेल्या मदतीचंच ते पुढचं रूप. लहान गावात याच अनुदानातून कर्मचाऱ्यांचे पगार होतात. अनुदान महिनाभर लांबलं तर सफाई कामगाराचा पगार महिनाभर लांबतो, इतका थेट हा संबंध आहे.

मुद्रांक शुल्काचा वाटा ही तिसरी वाट. खरेदीखत करताना शहरात मुद्रांक शुल्काबरोबर स्थानिक संस्थेसाठी १ टक्का अधिभार लागतो. ग्रामीण भागात १ टक्का जिल्हा परिषदेच्या नावानं लागतो आणि तो जिल्हा परिषद व ग्रामपंचायतीत निम्मा-निम्मा वाटला जातो. पैसा आधी राज्याच्या तिजोरीत जमा होतो आणि तिथून वाटपाला निघतो. हे वाटप वर्षभर रखडण्याची तक्रार जुनी आहे.

चौथी वाट केंद्रीय वित्त आयोगाची. पंधराव्या आयोगानं २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी देशभरातल्या स्थानिक संस्थांना ४,३६,३६१ कोटींची शिफारस केली. ग्रामीण वाट्यातला ६० टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला, ४० टक्के मोकळा. महाराष्ट्रात ग्रामीण निधीचे ८० टक्के ग्रामपंचायतीला, १० टक्के पंचायत समितीला आणि १० टक्के जिल्हा परिषदेला जात. या निधीच्या अटी घरपट्टीशी थेट जोडलेल्या होत्या. शहरांसाठी राज्यानं मालमत्ता कराचे किमान दर अधिसूचित करायचे आणि त्यानंतर प्रत्येक पालिकेची वसुली राज्याच्या स्थूल उत्पन्नाच्या पाच वर्षांच्या सरासरी वाढीइतक्या गतीनं वाढवायची, अशी ही अट होती. म्हणजे पालिकेनं घरपट्टी गोठवून ठेवली तर ती स्वतःचं उत्पन्न तर गमवायचीच, वर केंद्राचं अनुदानही पणाला लावायची. लोकनियुक्त सभागृह नसेल तरी हप्ता अडायचा. २०२२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांवर प्रशासक बसल्यावर त्यांच्या वाट्याचे हप्ते याच कारणानं अडकले.

शेवटी योजनांचा पैसा: नगरोत्थान (शहरांतल्या पायाभूत कामांसाठीची राज्याची योजना), जिल्हा वार्षिक योजना, मूलभूत सुविधांचा निधी. ग्रामीण भागात ‘पंचवीस पंधरा’ म्हणून जो निधी ओळखला जातो तो अर्थसंकल्पातल्या २५१५ या लेखाशीर्षाखालचा, म्हणजे खर्चाच्या खात्याच्या क्रमांकाखालचा. आमदारांनी सुचवलेले रस्ते, सभामंडप, संरक्षक भिंती त्यातून होतात. हा पैसा ‘मिळाला तर मिळाला’ प्रकारातला. त्यातून दिवाबत्तीचं बिल भरता येत नाही, पंपाची मोटर बदलता येत नाही. उलट योजनेत स्वहिस्सा घालावा लागतो आणि काम पूर्ण झालं की देखभाल पालिकेच्याच गळ्यात पडते. नवी पाणीयोजना आली आणि वीजबिल तिप्पट झालं, असं अनेक लहान शहरांत घडतं. त्या बिलाची तरतूद योजनेच्या मंजुरीत नसते. ती शेवटी पट्टीतूनच काढावी लागते.

तरतूद आणि पैसा यातलं अंतर

वर्तमानपत्रात ‘अमुक योजनेसाठी ५०० कोटींची तरतूद’ अशी बातमी येते. तरतूद म्हणजे खर्च करायची परवानगी. पैसा हातात पडेपर्यंत अजून बऱ्याच पायऱ्या बाकी असतात.

मार्चमध्ये अर्थसंकल्प आणि विनियोजन विधेयक, म्हणजे तिजोरीतून पैसा काढायची परवानगी देणारं विधेयक, मंजूर होतं. एप्रिलमध्ये वित्त विभाग परिपत्रक काढून कोणत्या बाबीवर किती टक्क्यांपर्यंत निधी सोडायचा ते ठरवतो. मग संबंधित विभाग प्रस्ताव पाठवतो, वित्त विभाग सहमती देतो, शासन निर्णय निघतो, ‘बीम्स’ या संगणकीय प्रणालीवर निधी वितरित होतो, कोषागारात बिल लागतं आणि तेव्हा कुठे रक्कम पालिकेच्या खात्यात येते. यातल्या प्रत्येक पायरीवर पैसा थांबू शकतो, आणि थांबवायला विधिमंडळाची परवानगी लागत नाही.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण २०२० चं. ४ मे २०२० ला वित्त विभागानं शासन निर्णय काढून विकासकामांसाठी त्या वर्षीच्या तरतुदीच्या फक्त ३३ टक्के निधी मिळेल असं कळवलं. अर्थसंकल्पाच्या पुस्तकात आकडा तोच राहिला, हातात तिसरा हिस्सा आला. तेव्हा महामारी होती आणि दुसरा मार्गही नव्हता. पण हेच हत्यार लहान प्रमाणात दरवर्षी वापरलं जातं. वर्षभर थोडं थोडं सोडायचं आणि मार्चअखेरीस जमेल तितकं द्यायचं. ३१ मार्चच्या आधीच्या आठवड्यात पालिकांचे लेखापाल मंत्रालयात आणि कोषागारात बसलेले दिसतात, त्याचं कारण हेच.

ताण कुठून येतो, तेही आकड्यांत बघू. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात राज्याचा खर्च ७,००,०२० कोटी आणि महसुली तूट ४५,८९१ कोटी दाखवली होती. लाडकी बहीण योजनेसाठी ३६,००० कोटी ठेवले होते. पगार, निवृत्तिवेतन, कर्जावरचं व्याज आणि थेट लाभाच्या योजना यांना हात लावता येत नाही, म्हणून उरलेल्या भागातून तूट भागवावी लागते. त्या उरलेल्या भागात रस्ते, पाणीयोजना आणि स्थानिक संस्थांचा निधी येतो. थकीत बिलांसाठी २०२५ मध्ये राज्यभर कंत्राटदारांनी आंदोलनं केली, ती याच दाबाची खूण होती. एखादी कल्याणकारी योजना चांगली की वाईट हा वेगळा प्रश्न आहे. तिचा खर्च कुठून निघतो हे मात्र प्रत्येक करदात्याला स्पष्ट दिसलं पाहिजे.

त्यात वेळापत्रकही उलटं आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ प्रमाणे पुढच्या वर्षाचे कराचे दर महापालिकेनं २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात. राज्याचा अर्थसंकल्प येतो मार्चमध्ये. म्हणजे राज्य किती देणार हे कळायच्या आत आपण किती घेणार ते पालिकेला ठरवावं लागतं. म्हणून पालिकेच्या अर्थसंकल्पात ‘शासकीय अनुदान’ या रकान्यात आशावादी आकडा टाकला जातो. तो आला नाही की वर्षाच्या मध्यात कामं थांबतात, आणि दर वाढवायची संधी मात्र थेट पुढच्या फेब्रुवारीत.

दहा टक्के कपात, तीस टक्के वाढ

हिशेब सोपा ठेवण्यासाठी एक काल्पनिक नगरपालिका घेऊ. वर्षाचं महसुली उत्पन्न ४० कोटी. त्यातलं सहाय्यक अनुदान १८ कोटी, घरपट्टीची मागणी, म्हणजे दिलेल्या बिलांची एकूण रक्कम, ८ कोटी, वसुली ७५ टक्के म्हणजे प्रत्यक्ष ६ कोटी, बाकी पाणीपट्टी, गाळेभाडं, शुल्क वगैरे.

आता राज्याचं अनुदान १० टक्क्यांनी कमी आलं. खड्डा पडला १ कोटी ८० लाखांचा. तो एकट्या घरपट्टीतून भरायचा तर ६ कोटींच्या वसुलीत १ कोटी ८० लाख वाढवावे लागतील, म्हणजे ३० टक्के. आणि वसुली ७५ टक्केच राहणार असेल तर मागणी २ कोटी ४० लाखांनी वाढवावी लागेल. वरची दहा टक्क्यांची कपात खाली येताना तिप्पट होते. अनुदानाचा वाटा जितका मोठा आणि घरपट्टीचा पाया जितका लहान, तितकी ही पट वाढते. मोठी महापालिका असा धक्का एखादं वर्ष सोसू शकते, क वर्ग, म्हणजे सगळ्यात लहान गटातली नगरपालिका नाही.

प्रत्यक्षात ३० टक्के वाढ कुणी करत नाही. निवडणूक जवळ असते आणि विरोध होणार हे ठाऊक असतं. मग काय होतं? आधी कचरा ठेकेदाराचं बिल थांबतं. तो कामगार कमी करतो, गाड्यांच्या फेऱ्या कमी होतात. पंपाची दुरुस्ती पुढे ढकलली जाते. पथदिव्यांचं वीजबिल थकतं आणि थकबाकी पुढे कधीतरी अनुदानातूनच परस्पर वळती होते, म्हणजे पुढचं अनुदान आणखी लहान. भविष्य निर्वाह निधीचे हप्ते आणि निवृत्तांची देणी लांबतात. जागा रिकाम्या राहतात. आस्थापना खर्च, म्हणजे कर्मचाऱ्यांवरचा खर्च, उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांवर गेला की राज्य भरतीला परवानगी देत नाही, आणि उत्पन्न घटलं की खर्चाची टक्केवारी आपोआप चढते. वसुली विभागातच माणसं नसतील तर वसुली अजून खाली जाते. हे चक्र एकदा सुरू झालं की थांबवणं अवघड असतं.

पाच-सात वर्षं असं रेटल्यावर एक दिवस फेरआकारणी होते. नगरपालिकांमध्ये ती दर चार वर्षांनी करायची असते, म्हणून तिला चतुर्थ वार्षिक आकारणी म्हणतात. ती वेळेवर झाली तर प्रत्येक वेळची वाढ सोसण्यासारखी असते. दोन फेऱ्या टाळल्या की सगळा अनुशेष एका नोटिशीत येतो, लोक संतापतात, राज्य सरकार स्थगिती देतं आणि खड्डा तसाच राहतो. आमच्या मते स्थानिक कराच्या बाबतीत सगळ्यात महाग पडणारी चूक हीच: छोटी वाढ टाळून मोठी वाढ ओढवून घेणं.

बिलाच्या आत

बहुतेक महापालिका-नगरपालिकांत अजून भाडेमूल्यावर आधारित पद्धत आहे. समजा घराचं क्षेत्रफळ ६० चौरस मीटर आणि त्या भागाचा ठरवलेला मासिक दर २० रुपये चौरस मीटर. वार्षिक भाडेमूल्य झालं ६० × २० × १२ = १४,४०० रुपये. दुरुस्तीसाठी १० टक्के वजा केले की करपात्र मूल्य १२,९६०. त्यावर सामान्य कर, पाणी लाभ कर, मलनिस्सारण कर, अग्निशमन कर, वृक्ष कर असे वेगवेगळे टक्के लागतात. सगळे मिळून ४५ टक्के धरले तर बिल ५,८३२ रुपये.

आता बघा, टक्के न वाढवताही बिल वाढवता येतं. मासिक दर २० वरून ३० केला की बिल ८,७४८ होतं. सभागृहात ‘करवाढ नाही’ असं जाहीर झालं तरी दर बदलला का, उपकराचं नवं नाव आलं का, सवलत गेली का, हे तीन प्रश्न विचारायचेच. जुन्या इमारतींचे दर गोठवून नव्यांना चढा दर लावण्याचीही पद्धत आहे. त्यामुळे एकाच गल्लीत सारख्या क्षेत्रफळाच्या दोन सदनिकांच्या बिलात दुपटी-तिपटीचा फरक दिसतो.

दुसरी पद्धत भांडवली मूल्याची. मुंबईत ती १ एप्रिल २०१० पासून आहे. इथे पाया असतो रेडी रेकनर, म्हणजे राज्याचा मुद्रांक विभाग ठरवतो तो बाजारमूल्याचा तक्ता. सामान्यतः हे दर १ एप्रिलला बदलतात, पण २०२३-२४ आणि २०२४-२५ मध्ये राज्यानं ते आहे तसेच ठेवले. घर घेणाऱ्याला त्याचा दिलासा मिळाला. ज्या संस्थांचा कर या तक्त्याला जोडलेला आहे त्यांचा पाया मात्र त्या काळात हलला नाही. मुंबईच्या भांडवली मूल्याच्या काही नियमांना न्यायालयात आव्हान दिलं गेलं आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते रद्द ठरवले. नियम आखताना झालेली चूक अशी दहा वर्षांनी बिलं आणि परताव्यांच्या घोळातून परत येते.

बिलातला आणखी एक भाग बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. ‘राज्य शिक्षण कर’ आणि ‘रोजगार हमी कर’ अशा ओळी असतात. रोजगार हमी कर बिगरनिवासी मालमत्तांना लागतो. हे १९६२ च्या राज्य कायद्यानुसारचे कर आहेत. पालिका फक्त वसुली करून ते राज्याकडे भरते. मोठ्या निवासी जागांवरचा करही राज्याचाच. म्हणजे आपण जे बिल ‘पालिकेचं’ म्हणून भरतो त्यातला एक तुकडा पालिकेच्या वाट्याला येतच नाही.

सवलत एकानं जाहीर करायची, भार दुसऱ्यानं उचलायचा

१ जानेवारी २०२२ ला मुंबईतल्या ५०० चौरस फुटांपर्यंतच्या, म्हणजे ४६.४५ चौरस मीटरपर्यंतच्या घरांचा संपूर्ण मालमत्ता कर माफ करण्याचा निर्णय जाहीर झाला. त्याआधी २०१९ मध्ये फक्त सामान्य कराची ओळ माफ झाली होती, बाकीच्या ओळी चालूच होत्या. तेव्हा ‘माफी झाली तरी बिल का आलं’ म्हणून लोक गोंधळले ते यामुळे. लहान घरात राहणाऱ्यांना दिलासा मिळावा, याबद्दल वाद नाही. पण माफीबरोबर तेवढ्या रकमेची भरपाई राज्याच्या अर्थसंकल्पात कायमस्वरूपी लिहिलेली नसेल, तर उरलेल्या करदात्यांवर भार सरकतो किंवा सेवा घटते.

पुण्याचं उदाहरण याहून बोलकं आहे. स्वतः राहणाऱ्यांना १९७० पासून करपात्र मूल्यात ४० टक्के सवलत मिळत होती. तिला कायद्यात आधार नाही, असा आक्षेप लेखापरीक्षणात निघाला. राज्यानं सवलत काढून घेतली. हजारो लोकांना फरकाची बिलं गेली. मग २०२३ मध्ये मंत्रिमंडळानं ती पुन्हा लागू केली, पण नव्या मिळकतधारकांना पीटी-३ अर्ज आणि स्वतः राहत असल्याचे पुरावे देणं भाग पडलं. ज्यांनी अर्ज दिला नाही त्यांना पूर्ण दरानं बिल येत राहिलं. पिंपरी-चिंचवडमध्ये अवैध बांधकामांवरचा शास्तीकर, म्हणजे दंडाचा कर, वर्षानुवर्षं थकबाकीच्या आकड्यात फुगत राहिला आणि मार्च २०२३ मध्ये राज्यानं मूळ कर भरण्याच्या अटीवर तो माफ केला. नियमानं वेळेवर भरणाऱ्याच्या मनात अशा वेळी जो प्रश्न येतो, तो रास्त आहे. थकबाकीवरचा दंड माफ करणाऱ्या अभय योजना वारंवार आल्या की ‘पुढच्या वर्षी माफी येईलच’ म्हणून थांबणारे वाढतात.

ग्रामपंचायतीचं गणित

गावात २०१५ च्या अखेरीपासून भांडवली मूल्यावर आकारणी होते. जमिनीचा आणि बांधकामाचा दर, घसारा आणि वापराचा भारांक यांवरून मूल्य काढायचं आणि दर हजार रुपयांमागे ठरलेले पैसे आकारायचे. नमुना ८ ही आकारणीची नोंदवही, नमुना ९ मागणीची, नमुना १० म्हणजे पावती. फेरआकारणी इथेही दर चार वर्षांनी.

गावाच्या स्वतःच्या उत्पन्नावर खर्चाची बंधनं वरून येतात: १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी. हे खर्च आवश्यकच आहेत. पण उत्पन्न दोन लाख असलेल्या गावात उरलेल्या १ लाख ४० हजारांत पाणी सोडणाऱ्याचा पगार, दिवाबत्ती, पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर आणि कार्यालयाचा खर्च बसवायचा असतो. त्यातही पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याच्या किमान वेतनातला राज्याचा वाटा वसुलीच्या टक्केवारीशी जोडला गेला. गावानं घरपट्टी भरली नाही की पहिला फटका त्याला. लोकसंख्येनुसार येणारा निधीही अजून २०११ च्या जनगणनेवर मोजला जातो. शहराच्या कडेच्या, दहा वर्षांत तिप्पट झालेल्या गावाला नव्या रहिवाशांचा कचरा उचलावा लागतो, निधी मात्र जुन्याच डोक्यांचा मिळतो. मग असं गाव महापालिकेत घेतलं जातं आणि कर दरवर्षी वीस-वीस टक्क्यांच्या टप्प्यांनी शहराच्या दराला नेला जातो. सेवा त्या गतीनं पोचली नाही की लोक बिथरतात. पुण्यात समाविष्ट झालेली फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावं पुढे महापालिकेतून वेगळी काढण्यात आली, त्यामागे कराची नाराजी हे मोठं कारण होतं.

कुठे बघायचं, काय विचारायचं

राज्याच्या अर्थसंकल्पात नगरविकास विभागाच्या मागण्या ‘एफ’ अक्षरानं आणि ग्रामविकासाच्या ‘एल’ अक्षरानं सुरू होतात. प्रधान शीर्ष ३६०४ शोधा. स्थानिक संस्थांना द्यायची नुकसानभरपाई आणि अभिहस्तांकनं, म्हणजे करांतून त्यांना नेमून दिलेले वाटे, तिथे असतात. समोर चार रकाने दिसतील: दोन वर्षांपूर्वीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अंदाज, त्याचाच सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. बहुतेक लोक शेवटचा रकाना वाचतात. मूळ अंदाज आणि सुधारित अंदाज यांतला फरक आधी बघा. १०० कोटींचे ७० झाले असतील तर पुढच्या वर्षीचे १२० किती खरे, याचा अंदाज तिथेच येतो. जुलै आणि डिसेंबरच्या अधिवेशनातल्या पुरवणी मागण्याही बघाव्यात. मूळ अर्थसंकल्पात नसलेले मोठे खर्च बहुधा तिथून आत येतात.

पालिकेच्या अंदाजपत्रकातही हीच युक्ती चालते. ‘शासकीय अनुदान’ रकान्यात मागच्या वर्षी किती धरलं होतं आणि किती आलं, आणि घरपट्टीत चालू मागणी, मागची थकबाकी आणि वसुली वेगवेगळी किती. एकूण वसुली मोठी दिसते पण त्यात थकबाकीच जास्त असते, असं अनेकदा होतं. प्रभागातल्या बैठकीत किंवा ग्रामसभेत एवढेच आकडे मागितले तरी चर्चेचा सूर बदलतो.

स्वतःच्या बिलासाठी: क्षेत्रफळ चटईचं धरलंय की बांधकामाचं, वापर निवासी आहे की बिगरनिवासी, स्वतः राहता की भाड्यानं दिलंय, बांधकामाचं वर्ष कोणतं, एवढं ताडून बघा. फेरआकारणीची नोटीस आली तर हरकत नोटिशीतल्या मुदतीच्या आत लेखी द्या आणि पोच घ्या. सुनावणीला जाताना खरेदीखत, मंजूर नकाशा आणि मागच्या तीन वर्षांच्या पावत्या न्या. हरकत दिली नसेल तर पुढच्या अपिलाचा रस्ता जवळपास बंद होतो. महापालिकेच्या आकारणीविरुद्ध न्यायालयात अपील करताना बिलाची रक्कम आधी भरावी लागते. ग्रामपंचायतीच्या आकारणीवर अपील पंचायत समितीकडे जातं. वाद चालू आहे म्हणून कर थांबवू नका. महापालिका आणि नगरपालिकांत थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती लागते. वरच्या उदाहरणातल्या ५,८३२ रुपयांवर ती वर्षाला सुमारे १,४०० रुपये होते. पावतीवर ‘हरकतीच्या अधीन राहून’ असा शेरा मागून घ्या. अपिलात बाजू लागली तर जादा भरलेली रक्कम पुढच्या बिलात वळती करून मागताना तोच शेरा दाखवता येतो.